हिमातली वाट आणि जयपूरचे ऊन : हिरोशी योशिदा

प्रस्तावना

भिंतीवर टांगलेले चित्र पाहताना आपल्याला चित्रकार आठवतो. परंतु काही चित्रे अशी असतात की ज्यांच्यामागे एक नव्हे, अनेक माणसांचे हात राबलेले असतात. जपानमध्ये लाकडी ठशांनी कागदावर चित्रे छापण्याची फार जुनी कला आहे. अशा चित्राला या पाठात ‘ठसाचित्र’ असे म्हटले आहे. बर्फाने झाकलेल्या वाटेवरून चाललेला प्रवासी हा त्या कलेचा एक आवडता विषय. याच कलेने पुढे १९३१ मध्ये राजस्थानातील जयपूर शहराचा अजमेरी दरवाजाही कागदावर उतरवला. हे काम करणारा चित्रकार स्वतःही आयुष्यभर प्रवासी होता. ऐन पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने एक जुना धंदा नव्याने शिकून घेतला. प्रस्तुत पाठात त्या हिरोशी योशिदा यांच्या जीवनाचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• हिरोशी योशिदा यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगू शकाल;
• लाकडी ठशांनी चित्र कसे छापले जाते हे स्पष्ट करू शकाल;
• जपानी ठसाचित्रे आणि सांगानेर-बगरू येथील कापडावरील छपाई यांची तुलना करू शकाल;
• अनेकांच्या श्रमातून उभ्या राहणाऱ्या कामात जबाबदारीचे महत्त्व ओळखू शकाल.

मूळ पाठ

१

इ. स. १८७६ हे वर्ष जयपूरच्या इतिहासात लक्षात राहिलेले आहे. इंग्लंडचे युवराज शहराला भेट देणार म्हणून महाराजा सवाई रामसिंह यांनी सारे शहर गुलाबी रंगाने रंगवून घेतले, अशी नोंद सांगितली जाते. १७२७ मध्ये सवाई जयसिंह यांनी वसवलेली ती राजधानी तेव्हापासून गुलाबी नगरी म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्याच वर्षी, १९ सप्टेंबर रोजी, जयपूरपासून हजारो मैल दूर, जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावरील कुरुमे या गावी हिरोशी यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ आडनाव उएदा. हे घराणे सामुराईंचे, म्हणजे पिढीजात योद्ध्यांचे होते. पण जपान वेगाने बदलत होता. तलवार बाळगण्याचा सामुराईंचा अधिकार त्याच वर्षी संपुष्टात आला आणि त्यांची पिढीजात वेतनेही बंद झाली. जुन्या मानाच्या आधाराने जगण्याचे दिवस संपले होते. नव्या पिढीला स्वतःच्या हातातील कौशल्यावरच उभे राहायचे होते.

हिरोशी यांच्या हातात चित्रकला होती. शाळेतील चित्रकलाशिक्षक कासाबुरो योशिदा यांनी ती ओळखली. कासाबुरो यांना घराणे पुढे चालवणारा मुलगा नव्हता. जपानमध्ये अशा वेळी दत्तक घेण्याची रीत होती. १८९१ मध्ये त्यांनी हिरोशींना दत्तक घेतले आणि हिरोशी उएदा हे हिरोशी योशिदा झाले. पुढे चित्रकलेच्या शिक्षणासाठी ते प्रथम क्योतो येथे आणि नंतर तोक्यो येथे गेले. दिवसरात्र चित्रे काढत राहण्याच्या त्यांच्या वृत्तीमुळे सहाध्यायी त्यांना चित्रांचा राक्षस म्हणत.

१८९४ मध्ये कासाबुरो वारले. त्या वेळी हिरोशी अठरा वर्षांचेही नव्हते. दत्तक आई आणि लहान बहिणी यांचा भार त्यांच्यावर आला. ज्या वयात इतर विद्यार्थी केवळ शिकत होते, त्या वयात त्यांना शिकता शिकता घरही चालवायचे होते.

२

त्या काळी जपानमध्ये पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेला मान मिळू लागला होता. पॅरिसला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्या होत्या. परंतु योशिदा ज्या गुरूंकडे शिकत होते, त्यांच्या शिष्यांच्या वाट्याला त्या येत नसत. योशिदांनी शिष्यवृत्तीची वाट पाहिली नाही. १८९९ मध्ये आपले मित्र हाचिरो नाकागावा यांच्यासह, जलरंगातील चित्रांचे बाड बरोबर घेऊन, ते अमेरिकेला निघाले. जाण्याचे भाडे आणि थोड्या दिवसांचा खर्च, एवढेच पैसे त्यांच्याजवळ होते. चित्रे विकली गेली नसती तर परत येणेही कठीण होते.

डेट्रॉइट या शहरात एका मोठ्या कलासंग्राहकाची भेट घ्यायची, असा त्यांचा बेत होता. पण तो गृहस्थ गावी नव्हता. तेव्हा दोघे मित्र शहराच्या कलासंग्रहालयात गेले. तेथील संचालकांनी त्यांची चित्रे पाहिली आणि संग्रहालयातच त्यांचे प्रदर्शन भरवले. चित्रांना चांगले गिऱ्हाईक मिळाले. हाती आलेली रक्कम जपानमधील शिक्षकाच्या अनेक वर्षांच्या पगाराइतकी होती. त्यानंतर बॉस्टन येथे प्रदर्शन झाले आणि मग इंग्लंड, फ्रान्स असा प्रवास करून १९०१ मध्ये योशिदा मायदेशी परतले.

१९०२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह चित्रकारांची एक संस्था सुरू केली. १९०३ मध्ये ते पुन्हा परदेशी गेले. या वेळी कासाबुरो यांची कन्या फुजिओ त्यांच्याबरोबर होती. तीही चित्रकार होती. अमेरिका, युरोप आणि उत्तर आफ्रिका पाहून दोघे १९०७ मध्ये परतले आणि त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. चाळिशीपर्यंत योशिदा हे तैलरंग आणि जलरंग यांतील एक प्रतिष्ठित चित्रकार झाले होते. आयुष्य याच वाटेने पुढे गेले असते, तरी कोणी त्याला अपुरे म्हटले नसते.

३

जपानच्या स्वतःच्या ठसाचित्रांची परंपरा मात्र तोवर क्षीण झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होकुसाई आणि हिरोशिगे या चित्रकारांनी तिला फार उंचीवर नेले होते. हिरोशिगे (१७९७–१८५८) यांनी एदो, म्हणजे आजचे तोक्यो, ते क्योतो या महामार्गावरील मुक्कामांची एक चित्रमालिका केली. १८३३-३४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या मालिकेत काम्बारा या मुक्कामाचे चित्र आहे. रात्रीची वेळ आहे. घरांच्या छपरांवर, झाडांवर आणि वाटेवर बर्फ साचले आहे. गवती कोट आणि टोप घातलेले प्रवासी वाकून चालले आहेत. एकाने अर्धवट उघडलेली छत्री डोक्यावर घेतली आहे. चेहरे दिसत नाहीत. काम्बारा हा तसा उबदार हवेचा भाग. तेथे एवढे बर्फ क्वचितच पडते. तरीही पाहणाऱ्याला त्या रात्रीची थंडी आणि शांतता जाणवते.

या चित्रातली एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बर्फाचा पांढरा रंग छापलेला नसतो. जेथे बर्फ दाखवायचे तेथे कागद तसाच कोरा ठेवलेला असतो. भोवतीची राखाडी आणि काळी छटा त्या कोऱ्या कागदाला बर्फाचे रूप देते. काय छापावे याइतकेच काय छापू नये हेही या कलेत ठरवावे लागते.

पुढे छायाचित्रे आणि यंत्रावरची छपाई आली. जुन्या कारागिरांना काम मिळेनासे झाले. तेव्हा तोक्योतील प्रकाशक शोझाबुरो वातानाबे यांनी नव्या चित्रकारांना एकत्र आणून ही कला पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला. १९२० मध्ये योशिदांनी त्यांच्यासाठी पहिले ठसाचित्र रेखाटले. त्या वेळी योशिदा फक्त चित्र काढून देत. कोरणे, छापणे आणि विकणे ही कामे प्रकाशकाच्या हाती असत.

४

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारच्या सुमारास तोक्यो आणि योकोहामा परिसराला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. दुपारच्या स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या होत्या आणि घरे लाकडाची होती. धक्क्याने जे वाचले ते आगीत सापडले. एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वातानाबे यांचे दुकानही जळाले. योशिदांच्या चित्रांचे कोरलेले ठसे आणि छापून ठेवलेल्या प्रती यांची राख झाली.

योशिदांच्या संस्थेतील अनेक चित्रकारही या आपत्तीने हवालदिल झाले होते. त्यांना मदत मिळावी म्हणून सर्वांची चित्रे घेऊन योशिदा आणि फुजिओ अमेरिकेला गेले. तेथे त्यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. तैलचित्रांना फारसे गिऱ्हाईक नव्हते. पण ठसाचित्रे लोक आवडीने घेत होते. जुनी, हलक्या प्रतीची ठसाचित्रेसुद्धा मोठ्या किमतीला विकली जात होती. आपल्या देशातील कलेचा हा निकृष्ट माल जगात तिची ओळख म्हणून फिरतो आहे, हे योशिदांना खटकले. याहून चांगले काम आज होऊ शकते, अशी त्यांची खात्री होती.

१९२५ मध्ये ते परतले, तेव्हा त्यांनी एकोणपन्नासावे वर्ष गाठले होते. नाव झाले होते, संसार होता, शिष्य होते. अशा वेळी त्यांनी स्वतःचा छापखाना काढायचे ठरवले. प्रकाशकाचा आधार सोडून त्यांनी कोरणारे आणि छापणारे कारागीर स्वतःकडे कामाला ठेवले. खर्च आणि जोखीमही त्यांनी स्वतःच्याच शिरावर घेतली.

५

जपानी ठसाचित्राची रीत समजून घेतल्याशिवाय या निर्णयाचे मोल कळणार नाही. चित्रकार प्रथम पातळ कागदावर रेषाचित्र काढतो. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवतात. कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या उंच ठेवून बाजूचे लाकूड काढून टाकतो. हा झाला रेषांचा ठसा. त्यानंतर प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरावा लागतो. छापणारा कारागीर ठशावर कुंचल्याने पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची खळ लावतो, त्यावर ओलसर कागद ठेवतो आणि बांबूच्या पातीने मढवलेल्या गोल चकतीने मागून घासतो. प्रत्येक वेळी कागद नेमक्या जागी बसावा म्हणून ठशाच्या कडेला दोन खाचा असतात. एक छाप केसभर सरकली, तरी सारे श्रम वाया जातात.

भारतीय वाचकाला ही रीत अगदीच परकी वाटू नये. जयपूरजवळच्या सांगानेर आणि बगरू या गावांत छीपा समाजाचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी ठशांनी कापड छापत आले आहेत. तेथेही ठसा कोरणारा एक आणि छापणारा दुसरा असतो. रेषेचा ठसा वेगळा, रंग भरण्याचे ठसे वेगळे. फरक असा की, सांगानेरला ठसा हातात धरून कापडावर दाबतात. जपानमध्ये ठसा जमिनीवर स्थिर असतो आणि कागद त्यावर ठेवला जातो. कापडावर एकच नक्षी पुन्हा पुन्हा उमटवत जातात. जपानी कागदावर एकाच चित्रासाठी एकावर एक छाप पडत जाते.

जुन्या ठसाचित्राला साधारणतः दहा-पंधरा छापा पुरत. योशिदांच्या चित्रांना बहुधा तीस किंवा त्याहून अधिक छापा लागत. १९३७ मधील निक्को येथील एका प्रवेशद्वाराच्या चित्राला तर ९६ छापा दिल्या गेल्या. तैलचित्रातील प्रकाश, हवा आणि खोली ठशांतून आणण्यासाठी ते रंगांखाली राखाडी छटांचे थर देत. चित्रकाराला कोरण्याची आणि छापण्याची कामे कारागिरांइतकीच कळली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून ते स्वतः हातात कोरणी घेत. १९२८ मधील नदीच्या खळाळत्या प्रवाहाच्या मोठ्या चित्राचा काही भाग त्यांनी स्वतः कोरला.

आपल्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतीच्या समासात ते ‘जिझुरी’ असा शिक्का उमटवत. त्याचा शब्दशः अर्थ स्वतः छापलेले. प्रत्यक्षात बहुतेक छपाई कारागीर करत. पण तिच्या बऱ्यावाईटाचा जबाबदार मी आहे, हे योशिदा त्या शिक्क्याने मान्य करत.

६

योशिदांचे डोंगरांवर विलक्षण प्रेम होते. उन्हाळ्यात ते वाटाड्या आणि हमाल बरोबर घेऊन जपानच्या उंच पर्वतरांगांत जात आणि तेथेच तंबू ठोकून राहत. पायथ्याशी बसून शिखराचे चित्र काढणे त्यांना पुरेसे वाटत नसे. १९२६ मध्ये त्यांनी जपानी आल्प्स पर्वतातील बारा दृश्यांची मालिका केली. त्यांपैकी एका चित्रात हारिनोकी येथील बर्फाची दरी आहे. दोन्ही बाजूंनी चढत गेलेले डोंगर, मधोमध बर्फाचा रुंद पट्टा आणि त्यावरून वर जाणारी लहान लहान माणसे. हिरोशिगे यांच्या प्रवाशांप्रमाणे ही माणसेही निसर्गापुढे छोटी आहेत. परंतु येथे चित्रकाराने ती वाट स्वतःच्या पायांनी तुडवली होती. पर्वतांवरील या प्रेमामुळेच त्याच वर्षी जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी एका शिखरावरून होदाका असे ठेवले.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका मालिकेत त्यांनी शिडाच्या होड्यांचे एकच दृश्य त्याच ठशांवर वेगवेगळे रंग लावून सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र अशा वेळांत छापले. ठसे तेच, पण प्रहर बदलला. प्रकाश हाच आपला खरा विषय आहे, हे त्यांना तेथे गवसले होते.

७

हाच प्रकाश शोधत १९३० च्या अखेरीस योशिदा भारताकडे निघाले. एकोणीस वर्षांचा थोरला मुलगा तोशी बरोबर होता. लहानपणीच्या आजाराने तोशीचा एक पाय अधू झाला होता. तरीही वडिलांनी त्याला या लांबच्या प्रवासाला आणले. बाप शिकवत होता आणि मुलगा पाहून शिकत होता.

हा प्रवास काही महिने चालला. कांचनजंगा या हिमशिखराची सकाळची आणि दुपारची अशी दोन रूपे योशिदांनी ठशांत आणली. ताजमहाल त्यांनी पहाटेच्या धुक्यात दाखवला आणि रात्रीही दाखवला. काशीचे घाट, अमृतसरचे सुवर्णमंदिर, उदयपूरच्या तलावातील महाल आणि मदुरेचे मंदिर हे त्यांचे विषय झाले. महाराष्ट्रातील वेरूळच्या लेण्यांवरही त्यांनी ठसाचित्रे केली. फत्तेपूर सिक्री येथील एका चित्रात दगडी जाळीतून येणारा प्रकाश आणि त्या उजेडात बसलेली दोन माणसे आहेत. बाहेरचे ऊन चित्रात कोठेही दाखवलेले नाही. पण जाळीच्या उजळलेल्या छिद्रांतून ते किती कडक आहे हे समजते.

जयपूरमध्ये त्यांनी अजमेरी दरवाजा निवडला. शहराच्या दक्षिण तटातील हा दरवाजा. आतला रस्ता किशनपोल बाजाराकडे जातो. राजवाडा किंवा हवामहाल यांसारखी प्रसिद्ध वास्तू न घेता, रोज हजारो सामान्य माणसे ज्यातून ये-जा करतात ती कमान त्यांनी चित्रासाठी घेतली. १९३१ मध्ये छापलेल्या या चित्रात दरवाजा जितका महत्त्वाचा आहे, तितकीच त्याच्यापुढची वर्दळही महत्त्वाची आहे.

हिमाच्या देशातील चित्रकारापुढे जयपूरने एक कठीण प्रश्न ठेवला असणार. बर्फाच्या चित्रात कोरा कागद मदतीला येतो. भोवती थंड, मंद छटा दिल्या की काम होते. गुलाबी भिंतीवरचे ऊन मात्र कोऱ्या कागदाने दाखवता येत नाही. ते रंगातूनच आणावे लागते आणि सावलीच्या मापाने तोलावे लागते. रंग थोडा अधिक झाला तर चित्र भडक होते. कमी झाला तर ऊन मावळते. येथे त्यांना दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचा रंगांचा सराव आणि दुसरी म्हणजे उशिराच्या वयात आपलीशी केलेली ठशांची विद्या. भारत आणि आग्नेय आशिया यांवरील त्यांच्या मालिकेत सुमारे तीस चित्रे आहेत.

८

१९३० आणि १९३६ या वर्षी अमेरिकेतील टोलिडो शहराच्या संग्रहालयात आधुनिक जपानी ठसाचित्रांची मोठी प्रदर्शने भरली. ती घडवून आणण्यात योशिदांचा महत्त्वाचा वाटा होता. १९३९ मध्ये त्यांनी या कलेची सारी रीत समजावून सांगणारे एक पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांनी तोंडी जपलेली विद्या त्यांनी सर्वांसाठी खुली केली.

त्यांच्या आयुष्यातील एक पर्व मात्र सावलीचे आहे. १९३७ मध्ये जपान आणि चीन यांच्यात युद्ध पेटले. त्यानंतरच्या काही वर्षांत योशिदा सरकारी युद्धचित्रकार म्हणून चीनच्या आघाडीवर गेले. त्या काळी अनेक जपानी चित्रकारांनी हे काम केले. दूरदूरच्या देशांतील माणसांकडे समभावाने पाहणारा हा कलावंतही आपल्या राष्ट्राच्या युद्धापासून अलिप्त राहिला नाही, हे त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

१९४५ मध्ये जपान पराभूत झाला. तोक्योचे पुष्कळ भाग बाँबहल्ल्यांनी बेचिराख झाले होते. त्यानंतर जपानमध्ये आलेले अमेरिकन अधिकारी आणि त्यांची कुटुंबे योशिदांच्या घरी छपाई पाहण्यासाठी येऊ लागली. काही काळापूर्वी शत्रू असलेल्या माणसांपुढे वृद्ध योशिदा ठसा, रंग आणि कागद यांची रीत उलगडून दाखवत. १९४६ मध्ये त्यांनी आपले अखेरचे ठसाचित्र केले. विषय होता एका शेतकऱ्याचे घर. ५ एप्रिल १९५० रोजी तोक्यो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे सुमारे अडीचशे ठसाचित्रे उरली.

तोशी आणि होदाका हे दोन्ही मुलगे पुढे नामवंत चित्रकार झाले. फुजिओ यांनी शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत, १९८७ पर्यंत, आयुष्य भोगले आणि उतारवयातही नव्या पद्धतीची चित्रे केली. योशिदांच्या मृत्यूनंतर जुन्या ठशांवरून काही प्रती छापल्या गेल्या. पण त्यांवर ‘जिझुरी’ हा शिक्का नाही. ठसा तोच असला, तरी त्यावर देखरेख करणारा डोळा आता नव्हता, आणि घराण्याने तो असल्याचे भासवले नाही. म्हणूनच आजही चित्र पारखणारे जाणकार योशिदांच्या चित्राचा समास आधी पाहतात.

शब्दार्थ

हिमाच्छादित – बर्फाने झाकलेले
क्षीण होणे – दुर्बल होणे, ओसरणे
निकृष्ट – हलक्या प्रतीचे
खळ – चिकटपणासाठी शिजवलेले पीठ
समास – कागदाच्या कडेची कोरी जागा
वर्दळ – माणसांची सततची ये-जा
बेचिराख – जळून पूर्ण उद्ध्वस्त झालेले
समभाव – सर्वांना समान मानण्याची वृत्ती

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
(अ) योशिदांनी स्वतःचा छापखाना काढण्याचे कारण –
 (१) त्यांना तैलचित्रे काढता येत नव्हती. (२) ठसाचित्रांचे याहून चांगले काम होऊ शकते असे त्यांना वाटत होते. (३) सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली. (४) कारागिरांनी तशी मागणी केली.
(आ) जपानी ठसाचित्रात बर्फ दाखवण्यासाठी –
 (१) पांढरा रंग छापतात. (२) कागद कोरा ठेवतात. (३) खळ लावतात. (४) पांढरा कागद वर चिकटवतात.

२. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १९२३ च्या भूकंपात योशिदांचे कोणते नुकसान झाले?
(आ) योशिदांनी जयपूरमधील कोणती वास्तू चित्रासाठी निवडली?

तुम्ही काय शिकलात?

• कौशल्य संपादन करण्यास वयाची अट नसते. योशिदांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवी विद्या हाती घेतली.
• ठसाचित्र हे चित्रकार, कोरणारा आणि छापणारा यांच्या एकत्रित श्रमाचे फळ असते.
• बर्फाची शांतता आणि जयपूरचे ऊन दाखवण्यासाठी वेगवेगळे कौशल्य लागते.
• इतरांच्या हातून घडलेल्या कामाचीही जबाबदारी स्वीकारणे हा सचोटीचा भाग आहे.

पाठावरील प्रश्न

१. डेट्रॉइट येथील प्रसंगावरून योशिदांच्या स्वभावाचे कोणते पैलू दिसतात?
२. सांगानेरची कापडछपाई आणि जपानी ठसाचित्र यांतील साम्य व भेद तुमच्या शब्दांत लिहा.
३. काम्बारा आणि हारिनोकी या दोन हिमचित्रांची तुलना करा.
४. ‘जिझुरी’ या शिक्क्याचा शब्दशः अर्थ आणि योशिदांना अभिप्रेत असलेला अर्थ स्पष्ट करा.
५. योशिदांच्या युद्धकाळातील कामाचा उल्लेख चरित्रात का आवश्यक आहे? तुमचे मत लिहा.
६. उपक्रम – तुमच्या परिसरात अनेकांच्या हातून पूर्ण होणारे एखादे काम (मूर्तिकाम, विणकाम, बांधकाम, छपाई इत्यादी) पाहा. त्यात कोण कोणते काम करतो आणि अखेरची जबाबदारी कोणाची असते, याची दहा ओळींत माहिती लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) – (२). (आ) – (२)
२. (अ) त्यांच्या चित्रांचे कोरलेले ठसे आणि छापलेल्या प्रती जळून गेल्या. (आ) योशिदांनी जयपूरमधील अजमेरी दरवाजा चित्रासाठी निवडला.